‘अजून’ आणि ‘बास’

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गिटारी तयार करतात. दुकानात टांगलेल्या असतात तशा नव्हेत; ज्याला वाजवायची त्याच्या हाताला, बोटांना आणि बसण्याच्या सवयीला बेतून, एकेक. हे मी आजवर अनेकांना सांगितले आहे आणि बहुतेक जण पुढचा प्रश्न तोच विचारतात, की हो, पण ते पोटापाण्यासाठी काय करतात? लग्नाच्या वेळी आमच्या वडिलांनीही तेच विचारले होते. ताईने शांतपणे उत्तर दिले, "गिटारी करतात." वडील म्हणाले, "ते कळलं. पण दिवसा?"

भावोजींचा कारखाना म्हणजे घराच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. खिडकीखाली कामाचे टेबल, त्याला जुना लोखंडी शिकंजा. भिंतीला टेकून वेगवेगळ्या लाकडांच्या पातळ फळ्या उभ्या, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे हवा खेळती राहते. छताजवळच्या दोरीवर वाकवलेल्या फळ्या टांगलेल्या. गरम नळीवर दाबून दाबून त्यांना कमरेसारखा बाक आणलेला असतो. सरसाचे भांडे गरम पाण्यात बसवलेले, त्याचा उग्र वास पहिल्या दिवशी नाकात जातो आणि नंतर जाणवेनासा होतो. जमिनीवर रंध्यातून निघालेल्या कुरळ्या ढलप्या. माझ्या नोकरीत कागद जागच्या जागी नसला तर मला चैन पडत नाही, पण या खोलीतला पसारा मी कधी आवरायला गेलो नाही. एकदा गेलो होतो. भावोजी म्हणाले, "मेव्हणे, आता मला माझी कानस शोधायला तुम्हाला फोन करावा लागेल."

या खोलीची एक भिंत स्वयंपाकघराला लागून आहे आणि त्या भिंतीत एक लहान खिडकी आहे. पूर्वीच्या मालकाने ती कशासाठी ठेवली होती कोण जाणे. ताई आणि भावोजींच्या संसारातले निम्मे बोलणे त्या खिडकीतून झाले आहे, आणि त्यातलेही निम्मे दोन शब्दांत.

ते असे. गिटारीचा जीव तिच्या वरच्या फळीत असतो. ती फळी इतकी पातळ, की तारांच्या ताणाने मोडूनच जाईल. म्हणून तिला आतून लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवतात. पट्ट्या जाड राहिल्या तर फळी मुकी होते, फार तासल्या तर ती पुढे कधीतरी खचते. भावोजी फळी दोन बोटांत धरतात, कानाजवळ नेतात आणि मधल्या बोटाच्या पेराने वाजवतात. टक टक. मग पटाशीने थोडे लाकूड काढतात. पुन्हा टक टक. आणि स्वयंपाकघरातून ताईचा आवाज येतो, "अजून!" पुन्हा थोडे काढायचे, पुन्हा टकटक. "अजून!" असे चालत राहते आणि मग केव्हातरी, हातातली भाजी न सोडता, ताई म्हणते, "बास." भावोजी पटाशी खाली ठेवतात. त्यानंतर त्या फळीला हत्यार लागत नाही.

त्यांची ओळखही अशीच झाली. ताई तेव्हा मुलांना गिटार शिकवू लागली होती आणि तडा गेलेली स्वतःची गिटार दुरुस्तीला घेऊन या माणसाकडे गेली होती. तो फळी वाजवत उभा. ही दारातून न विचारता म्हणाली, "अजून थोडं काढायला हवं." त्याने हिच्याकडे बघितले, थोडे काढले, टकटक केली. "अजून." पुन्हा काढले. "बास." ताई सांगते, "दुरुस्तीला आठवडा लागेल म्हणाले होते. लावला महिना." भावोजी म्हणतात, "दुसऱ्या दिवशीच झाली होती. देणार कोण?"

गिऱ्हाईक आले की भावोजी आधी त्याला बसवतात, चहा देतात आणि तो कप कसा धरतो ते बघत राहतात. मग घरी कुठे बसून वाजवता, पलंगावर की खुर्चीवर, पाय कुठे ठेवता, असले प्रश्न. एकदा एक चांगले गलेलठ्ठ गृहस्थ आले होते. भावोजींनी त्यांच्यासाठी गिटारीचा खोका मागच्या बाजूने पातळ करत नेला, पोटाला अडणार नाही असा. गिटार मांडीवर घेऊन ते गृहस्थ म्हणाले, "माझ्या पोटाला शिंप्यानंसुद्धा इतका मान दिला नव्हता हो!" स्वयंपाकघरातून ताई हसली, तेव्हा त्यांना कळले की भिंतीपलीकडे कोणीतरी ऐकते आहे, आणि ते असे लाजले की चहाही अर्धाच टाकून गेले.

हे सगळे वर्षानुवर्षे सुरळीत चालले होते. मग ताई पडली.

मागच्या दाराच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि ती डाव्या हातावर आली. मनगट मोडले. प्लास्टर निघाले, व्यायाम झाले, तरी बोटे पुरती वळेनात. शेवटची दोन तर अर्ध्यावरच थांबत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही. भांडं धरता येईल, पिशवी उचलता येईल."

"आणि तार दाबता येईल?" ताईने विचारले.

"कसली तार?" डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर ताईने स्वतःची गिटार पेटीत घातली आणि पेटी कपाटामागे सरकवली. शिकायला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना फोन करून दुसरे शिक्षक सुचवले. रडणे नाही, चिडणे नाही. तिने इतके नीट आवरले की मलाच धसका बसला. मी तिचाच भाऊ. घाईघाईने आवरण्यामागे काय असते ते मला ठाऊक आहे.

त्यानंतरच्या एका रविवारी मी कारखान्यात बसलो होतो. सुट्टीच्या दिवशी मी तिथेच असतो. भावोजींनी एका गिऱ्हाइकाची फळी उचलली, वाजवली आणि सवयीने थांबले. खिडकीतून काही आले नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, जरा जोरात. पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी भांड्यात नव्हे, नुसतेच वाहत होते. भावोजींनी फळी खाली ठेवली, आणि बऱ्याच वेळाने, नळ बंद झाल्यावर, अंदाजाने थोडे लाकूड काढले. ती गिटार घेऊन गेलेला माणूस खूश होता. भावोजी नव्हते.

महिनाभराने त्यांनी चहाच्या वेळी विषय काढला. मी होतो म्हणून काढला असावा. एकटीपुढे त्यांना ते जमले नसते.

"अगं, उलटी गिटार करतो तुझ्यासाठी," ते म्हणाले. "उजव्या हातानं तारा दाब, डाव्यानं छेड. छेडायला अंगठा आणि दोन बोटं पुरतात. तेवढी तर चालतात तुझी."

"या वयात मी उलटी होऊ?"

"गिटार उलटी होईल. तू आहेस तशीच राहा."

"अहो, साठी आली माझी. चार वर्षांच्या पोरासारखी टुणटुण करत बसू? आणि ती टुणटुण ऐकायला भिंतीपलीकडे तुम्ही!" ताईचा आवाज चढला आणि लगेच उतरला. तिने कप बशीत ठेवला. "बरं," ती म्हणाली. "एकदाच. एकदाच वाजवून बघेन. नाही जमलं तर या घरात पुन्हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," भावोजी म्हणाले.

"आणि अरे, तू साक्षीदार," ती मला म्हणाली.

भावोजींनी वरच्या फळीसाठी जे लाकूड काढले ते एका मोडीत निघालेल्या पियानोच्या पोटातले होते. चांगली चांगली गिऱ्हाइके त्यावर डोळा ठेवून गेली होती; ते सगळ्यांना सांगत, अजून वाळायचे आहे. ते लाकूड माझ्या माहितीत तरी जगातले सर्वांत हळू वाळणारे लाकूड होते. मग ताईचा उजवा हात कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली. "ठाण्यात घेतात तसे ठसे कसले घेताय?" ताई म्हणाली. "पळून जाणार नाही मी." बोटे किती फाकतात, अंगठा गिटारीच्या मानेमागे कुठे टेकतो, ते त्यांनी काठीचा एक तुकडा तिच्या हातात देऊन बघितले. नंतर मात्र ती हात मुकाट्याने देत होती; दवाखान्यात हात पुढे करावा तशी.

या गिटारीसाठी त्यांनी ती खिडकी लावून घेतली. मी कारण विचारले. "तिचीच गिटार, आणि तिलाच कामाला लावू?" ते म्हणाले. फळी ते स्वतःच वाजवत, स्वतःच मान हलवत. एखाद्या माणसाने एकट्याने पत्ते खेळावेत, तसे ते दिसत होते.

शेवटी तारा चढवायचा रविवार आला. पॉलिश करण्याआधी ते कोऱ्या लाकडावरच एकदा तारा चढवून ऐकतात. सगळे उलटे केलेले होते. ज्या बाजूला एरवी बारीक तारा तिथे जाड, जाड तिथे बारीक. तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडीही उलट्या अंगाला तिरकी. भावोजींनी खुंट्या पिळल्या, सूर लावले आणि बारीक तारा छेडल्या. खोलीत जणू कोणी स्वच्छ काचेचा पेला वाजवला. मग त्यांनी जाड तारा छेडल्या. मला काही वेगळे वाटले नाही. त्यांनी पुन्हा छेडल्या. कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

"कुंथतायत," ते म्हणाले.

त्यांनी तारा सैल केल्या, गिटारीच्या गोल भोकातून एक लहानसा दिवा आत सोडला आणि दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा आत घालून बघू लागले. बराच वेळ बघितले. मग दिवा बाहेर काढला, विझवला आणि स्टुलावर बसले.

"मेव्हणे, मी गाढव आहे."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. आतल्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. जाड तारांखाली त्यांची ठेवण एक, बारीक तारांखाली दुसरी. उलटी गिटार करायची तर या पट्ट्याही उलट्या लावायच्या. त्यासाठी त्यांच्याकडे एक पातळ साचा आहे. तो नुसता पालथा केला की काम झाले. त्यांनी तो पालथा केला होता. पण फळी टेबलावर ठेवल्यावर त्यांच्या मनात आले, आपण आता फळीच्या आतल्या बाजूने बघतो आहोत, म्हणजे डावे उजवे बदलले. म्हणून त्यांनी साचा पुन्हा पालथा केला.

"म्हणजे बाहेरून उलटी," मी म्हणालो, "आणि आतून—"

"आतून सरळ. नेहमीसारखी. डाव्या अंगरख्यात उजवा माणूस."

मी जरा विचार केला. मला वाटले ते बोललो. "भावोजी, बाहेरून तर सगळं बरोबर आहे. आत कोण डोकावणार? मला तर काही फरकही कळला नाही."

"ती एकदाच वाजवणार आहे," भावोजी म्हणाले.

त्यांनी आरसा पुसून टेबलावर ठेवला.

"एकदाच. आणि त्या एकदाला जाड तारा अशा कुंथत बोलल्या, तर तिला काय वाटेल? लाकडाचा दोष आहे असं वाटेल? नाही. ती म्हणेल, माझा हात गेला. माझी चूक ती आपल्या हातावर घेईल आणि पेटी बंद करून टाकेल. आणि मी तर कबूल म्हणून बसलोय." त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "उघडावी लागेल. पण आज होईल, उद्या होईल असं तिला सांगून ठेवलंय. आता आणखी महिना लागेल म्हटलं तर ती म्हणेल, राहू दे. तिला ते हवंच आहे."

तेवढ्यात ताई मागच्या दारात उभी. पडल्यापासून तिने कारखान्यात पाऊल ठेवले नव्हते. तारांचा आवाज ऐकला असणार, आणि नंतरची शांतता.

"झाली ना?" ती म्हणाली. "मग दोघं असे का बसलात, कोणी गेल्यासारखे?"

भावोजींनी माझ्याकडे बघितले. मी ढलप्यांकडे. मग त्यांनी सगळे सांगून टाकले, साच्यासकट. ताईने कंबरेवर हात ठेवून ऐकून घेतले.

"थांबा. साचा एकदा पालथा केलात."

"हो."

"ते बरोबर होतं."

"हो."

"मग आणखी एकदा पालथा केलात."

"हो गं."

"म्हणजे पहिल्यासारखा झाला."

भावोजींनी मान खाली घातली. ताईच्या तोंडातून आधी एक बारीकसा आवाज निघाला. मला वाटले, रडते आहे. ती हसत होती. दाराला टेकून, मग लाकडाच्या पेटाऱ्यावर बसून, डावे मनगट उजव्या हाताने धरून ती इतकी हसली की डोळे पुसायला तिला हात मोकळा सापडेना. पडल्यापासून तिचे हसणे आम्ही ऐकलेच नव्हते.

"अहो, डावखुऱ्यांच्या गिटारी काय पहिल्यांदा करताय? त्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याची केलीत, त्या मास्तरीणबाईंची केलीत. डोळे मिटून केल्यात!"

"त्या परक्यांच्या होत्या," भावोजी म्हणाले.

ताईचे हसणे थांबले. तिने पदराने डोळे पुसले, गिटारीकडे बघितले, मग त्यांच्याकडे.

"तुम्ही चुकलात," ती म्हणाली. ओरडून नव्हे, एखादी बातमी ऐकून ती स्वतःशी पुन्हा म्हणून बघावी तशी.

"चुकलो."

"या घरात चूकही होते तर." ती उठली. "उघडा मग."

"महिना जाईल."

"जाऊ दे. मी कुठं निघालेय? आणि ती खिडकी उघडा आधी. बंद खोलीत काम करून डोकं फिरलंय तुमचं."

त्यांनी त्याच दुपारी सुरुवात केली. मागच्या फळीच्या कडेची सजावटीची पट्टी सोडवली, पातळ सुरी गरम केली आणि सांध्यात हळूहळू सरकवली. सरस उष्णतेने सुटतो. नव्या जमान्याचा गोंद वापरत नाहीत ते याचसाठी. खोका हलू नये म्हणून कोणीतरी तो दाबून धरायचा होता. मी पुढे झालो, तर ताई म्हणाली, "तू हो बाजूला, तुझा हात स्थिर नसतो." तिने डावा तळवा सपाट ठेवला आणि वजन टाकले. बोटे वळत नव्हती, पण दाबून धरायला बोटे वळावी लागत नाहीत. सुरी फिरत गेली तसा तळवा पुढे सरकत गेला. भावोजी एकदाही "दुखतंय का" म्हणाले नाहीत. ओठांवर आलेले मी दोनदा बघितले.

जुन्या पट्ट्या तासून काढल्या, नव्या चिकटवल्या. साचा पालथा करताना त्यांनी ताईला हाक मारली. तिने येऊन बघितले, बोटाने दाखवले, "जाड तारा इकडे?" "इकडे." "मग बरोबर." आणि जाता जाता, "आता हात मागे घ्या. परत पालथा कराल."

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा दुरूनच टकटक ऐकू आली. मी दारातच थांबलो. भावोजी उघडा खोका कानाशी धरून उभे होते. खिडकी उघडी होती. पलीकडे सुरीचा आवाज येत होता, भाजी चिरल्याचा, आणि तो थांबला.

"अजून," ताई म्हणाली.

भावोजींनी ताबडतोब पटाशी उचलली नाही. आधी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

त्या दिवशी बऱ्याच वेळा "अजून" झाले. शेवटी "बास" आले तेव्हा भावोजी म्हणाले, "मला वाटतं अजून थोडं—"

"वाजवायची कोणाला आहे? मला की तुम्हाला? बास म्हणजे बास."

मागची फळी परत बसली, पॉलिश झाले, तारा चढल्या. आता जाड तारा कशा बोलतात हे मला विचारू नये, मला तेव्हाही फरक कळला नव्हता. भावोजींनी एकदाच छेडून बघितल्या आणि गिटार ताईच्या हातात दिली.

"तुम्ही दोघं तिकडे जा," ती म्हणाली. "आणि खिडकी लावून घ्या."

आम्ही कारखान्यात येऊन बसलो. भावोजींनी एक पटाशी घेतली आणि दगडावर घासायला लागले. तिला धार होतीच. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक तार. मग दुसरी, जराशी घरघरत. ताई मुलांना पहिल्या दिवशी शिकवायची तो धडा मी ओळखला. आमच्या घरात तो इतक्या वेळा वाजला आहे की मलाही पाठ आहे. तिसऱ्या सुरापाशी बोट भलत्याच पडद्यावर गेले. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच चुकली, पण पुढे गेली, अडखळत, एक सूर गाळून, शेवटपर्यंत. शेवटचा सूर मात्र स्वच्छ आला आणि हळूहळू विरला.

एकदा वाजवून झाले होते. भावोजी दगडावरची पटाशी थांबवून बसले. त्यांनी कबूल केले होते, विषय काढायचा नाही. आणि दिलेला शब्द ते मोडत नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि मला वाटते, इतका अडचणीतला माणूस मी कधी पाहिला नाही. पलीकडे गिटार ठेवून द्यायला पेटी उघडल्याचा आवाज येतो का, म्हणून आम्ही दोघेही ऐकत होतो.

भावोजी उठले. खिडकीपाशी गेले, ती हातभर उघडली आणि रोजच्या कामाच्या आवाजात म्हणाले, "अजून."

मग ताईचा आवाज आला. "कबूल काय झालं होतं?"

"मी विषय कुठं काढला? ऐकू आलं, मत दिलं. तू नाही का देत?"

"वाईट वाजतंय."

"म्हणून तर अजून."

खुर्ची पुन्हा करकरली. तार लागली का नाही ते तिने बघितले, खुंटी किंचित पिळली. "अरे ए साक्षीदारा," ती खिडकीतून म्हणाली, "हे चालतं का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात धडा पहिल्यापासून सुरू झाला, आणि माझे उत्तर कोणी ऐकले नाही.